जुनी वेगवान गाडी घेताना आधी चाके पाहावीत

मुंबईत जुनी वेगवान गाडी घ्यायची असेल, तर बॉनेट उघडण्याआधी जमिनीवर बसून तिची चारही चाके नीट पाहावीत, असे माझे ठाम मत आहे. इंजिन धुऊन चकचकीत करता येते, किलोमीटरचा आकडा मागे घेता येतो, सीटवर नवे कव्हर चढवता येते. पण चार चाकांवर आणि चार टायरांवर गाडी कशी चालवली गेली आणि मालकाने तिच्यावर किती मनापासून खर्च केला, याच्या खुणा उरतातच. त्या वाचायला फारशी अवजारेही लागत नाहीत. एक टॉर्च, एक जॅक आणि तासभर सवड एवढे पुरते.

हे लिहिण्याचे निमित्त म्हणजे माझा भाचा. तो बराच काळ अशा गाडीच्या शोधात होता आणि दर रविवारी कुठली ना कुठली जाहिरात घेऊन माझ्याकडे येत होता. त्याच्या मनात दोन गाड्या होत्या: फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आणि स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. दोन्हींना चाहता वर्ग मोठा आहे आणि दोन्ही आता नव्या मिळत नाहीत. पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये भारतात आली. १.२ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस ताकद, १७५ न्यूटन मीटर टॉर्क आणि सात गिअरची डीएसजी (दोन क्लचांचा, आपोआप गिअर बदलणारा गिअरबॉक्स) अशी ती जुळणी होती. पोलोचे इथले उत्पादन २०२२ मध्ये थांबले. ऑक्टाव्हिया आरएस २०१७ मध्ये फक्त ५०० गाड्यांच्या मर्यादित संख्येत आली. २ लिटरचे इंजिन, २३० पीएस आणि ३५० न्यूटन मीटर. तिच्या मागून २०२० मध्ये आरएस २४५ आली, तीही केवळ २०० गाड्या. म्हणजे ज्याला आज अशी गाडी हवी आहे, त्याला कुणाच्या तरी हातून गेलेलीच घ्यावी लागते, आणि तो हात कसा होता हे ओळखणे हाच खरेदीतला खरा अभ्यास आहे.

मुंबईच्या गाड्यांबद्दल एक गैरसमज इथे दूर करायला हवा. जाहिरातीत 'फक्त ३५ हजार किलोमीटर' असे वाचले की आपल्याला ती गाडी कोरी वाटू लागते. पण दक्षिण मुंबईतून अंधेरीला रोज जाणाऱ्या गाडीचे इंजिन, क्लच आणि ब्रेक हे किलोमीटरपेक्षा तासांच्या हिशेबाने झिजतात. पोलो जीटीमधला सात गिअरचा गिअरबॉक्स ड्राय, म्हणजे तेलाविना चालणाऱ्या क्लचचा आहे. सायनच्या किंवा कलानगरच्या कोंडीत इंच इंच पुढे सरकताना तो क्लच सतत अर्धवट पकडीत राहतो आणि तापतो. २०१७ च्या ऑक्टाव्हिया आरएसमधला सहा गिअरचा डीएसजी तेलात चालणाऱ्या क्लचचा असल्याने ही उष्णता अधिक सोसतो, मात्र त्याचे तेल आणि फिल्टर वेळच्या वेळी बदलल्याची नोंद मागायलाच हवी. किलोमीटर कमी आहेत म्हणून ते तेल बदललेच नाही, असे सांगणारे मालक भेटतात, आणि तिथे भाव कमी करून मागण्यापेक्षा परत फिरणे अधिक शहाणपणाचे असते.

आता चाकांकडे येतो. गाडी नेहमी सकाळच्या उजेडात आणि थंड असताना पाहावी. सर्वांत आधी टायरच्या कडेवरचा चार आकडी अंक शोधावा. त्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ३५१८ असे असेल तर तो टायर २०१८ च्या ३५ व्या आठवड्यात तयार झाला आहे. २०१८ ची गाडी २५ हजार किलोमीटर चाललेली असून तिच्यावर २०२२ चे टायर असतील, तर पहिला संच एवढ्या लवकर का बदलला, हे विचारायला आपण मोकळे आहोत. उत्तर 'खड्ड्यात कडा फाटल्या' असेही असू शकते, आणि आपल्या शहरात ते पटण्यासारखे आहे. पण मग ज्या आघाताने टायर फाटला, त्याने रिमला, चाकाला धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मला आणि बेअरिंगला काय केले, हा पुढचा प्रश्न आपोआप उभा राहतो.

चारही टायर एकाच कंपनीचे आणि एकाच नमुन्याचे आहेत का, हे मला फार महत्त्वाचे वाटते. २३० पीएस पुढच्या दोन चाकांतून रस्त्यावर उतरवणाऱ्या गाडीला पुढे एक, मागे दुसरा आणि डावीकडे तिसराच स्वस्त टायर बसवलेला दिसला, तर त्या मालकाने सर्व्हिसिंगमध्येही असेच केले असणार, असे मी गृहीत धरतो. त्यानंतर झीज पाहावी. दोन्ही खांद्यांवर झीज जास्त असेल तर हवा कायम कमी ठेवली गेली. फक्त आतल्या कडेवर असेल तर कॅम्बर (चाकाचा उभा कल) किंवा टो (चाकाचे आत-बाहेर वळलेले तोंड) बिघडलेला आहे, किंवा गाडी खाली बसवण्यासाठी स्प्रिंग बदललेले आहेत. टायरवरून हात आडवा फिरवताना एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखे लागले, तर अलाइनमेंट फार दिवस पाहिलेली नाही. कडेला फुगवटा दिसला तर आतले धागे तुटलेले आहेत आणि तो टायर बाद आहे. त्यावर घासाघीस करण्यातही अर्थ नाही.

यानंतरचा भाग बहुतेक लोक टाळतात. गाडी जॅकवर घेऊन, शक्य असेल तर जवळच्या टायरवाल्याकडे नेऊन, प्रत्येक चाक उतरवावे आणि आतल्या बाजूची कड पाहावी. खड्ड्याचा मार बहुतेक वेळा आतल्या ओठावर बसतो, आणि विकणारा रंगरंगोटी करतो ती बाहेरच्या तोंडाची. ऑक्टाव्हिया आरएसच्या शोधात आम्ही ठाण्यात एका व्यापाऱ्याकडची गाडी पाहिली. बाहेरून चाके आरशासारखी होती. भाचा गाडीवर इतका भाळला होता की टोकन द्यायला निघाला होता. "मामा, एवढी स्वच्छ गाडी पुन्हा मिळणार नाही," असे तो म्हणत होता. चाके उतरवल्यावर पुढच्या उजव्या रिमच्या आतल्या भागात आरगॉन वेल्डिंगची जाड रेघ निघाली आणि मागच्या एका रिमची कड हातोडीने सरळ केलेली दिसली. व्यापाऱ्याला याविषयी काहीही सांगता आले नाही. आम्ही नमस्कार करून निघालो.

वेल्डिंगला माझा एवढा विरोध का, हे सांगायला हवे. कारखान्यातून येणारी बहुतेक अलॉय चाके ओतीव ॲल्युमिनियमची असतात आणि ओतल्यानंतर त्यांच्यावर उष्णतेची प्रक्रिया केलेली असते: ठरावीक तापमानाला तापवणे, झटकन थंड करणे आणि पुन्हा मंद उष्णतेत काही तास ठेवणे. धातूला ताकद मिळते ती या प्रक्रियेतून. रस्त्याकडेच्या दुकानात गॅसची ज्योत लावून रिम ठोकून सरळ केली, किंवा तडा वेल्डिंगने भरला, की त्या जागेभोवतीची ही ताकद जाते. चाक गोल दिसते, हवाही धरते, आणि पुढच्या मोठ्या खड्ड्यात किंवा द्रुतगती मार्गावर पूर्ण वेगात असताना त्याच जागी पुन्हा तडकू शकते. आतल्या ओठाला आलेला किरकोळ बाक हायड्रॉलिक प्रेसवर, बाक मोजणारे डायल गेज लावून हळूहळू काढणारे चांगले कारागीर मुंबईत आहेत आणि तेवढी दुरुस्ती मला मान्य आहे. तडा गेलेले चाक, विशेषतः स्पोकमध्ये किंवा नटांच्या भोकांजवळ तडा असेल तर, भंगारातच जायला हवे.

आपले रस्ते चाकांवर एवढे कठोर का आहेत, याचे उत्तर टायरच्या मापात सापडते. त्यात आधी टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, मग भिंतीची उंची त्या रुंदीच्या टक्क्यांत आणि शेवटी रिमचा व्यास इंचांत असतो. २०५/५५ आर १६ या मापात रिम आणि रस्ता यांच्यामध्ये सुमारे ११३ मिलिमीटर उंचीची रबराची भिंत असते. २२५/४५ आर १७ मध्ये ती १०१ मिलिमीटर होते आणि आरएस २४५ सोबत येणाऱ्या १८ इंची चाकावरच्या २२५/४० मापात अवघी ९०. पेव्हर ब्लॉक खचून तयार झालेली धार, काँक्रीट आणि डांबर यांच्या सांध्यातली पायरी, रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली राहिलेले मॅनहोलचे झाकण, उड्डाणपुलाचा उघडा पडलेला जोड, यांपैकी प्रत्येक गोष्ट त्या मिलिमीटरांचा हिशेब मागते. पावसाळ्यात खड्डा पाण्याखाली असतो, त्यामुळे वेग कमी करण्याची संधीही मिळत नाही.

म्हणूनच मोठ्या रिमच्या हौसेला मी नेहमी विरोध करतो. उलट १८ इंची चाके असलेली गाडी मुंबईत रोज वापरायची असेल, तर १७ इंचाचा दुसरा संच घ्यावा, असे मी सुचवतो. २२५/४० आर १८ चा एकूण व्यास सुमारे ६३७ मिलिमीटर आहे आणि २२५/४५ आर १७ चा सुमारे ६३४. फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास, त्यामुळे स्पीडोमीटरवर किंवा एबीएसवर जाणवण्यासारखा परिणाम होत नाही. फक्त ब्रेकची डिस्क आणि कॅलिपर लहान रिमच्या आत मोकळेपणाने मावतात की नाही, हे प्रत्यक्ष बसवून पाहावे. मूळ चाके जपून ठेवली तर गाडी विकताना त्यांचा उपयोग होतो.

दुसरा संच शोधताना लोक कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा ऑपेरा हाऊसजवळच्या दुकानांत जातात. तिथे चांगला माल मिळतो, पण माहिती आपली आपल्याजवळ असावी लागते. पोलोला पाच बोल्ट १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर लागतात, ऑक्टाव्हियाला पाच बोल्ट ११२ च्या वर्तुळावर. मर्सिडीजचेही वर्तुळ ११२ चेच असल्याने तिची चाके ऑक्टाव्हियावर चढतात, आणि दुकानदार 'बसते' असे सांगतो. पण मर्सिडीजच्या चाकाचे मधले भोक ६६.६ मिलिमीटरचे असते आणि ऑक्टाव्हियाचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसते तो मधला भाग, ५७.१ चा. मधली पोकळी भरणारी योग्य मापाची रिंग नसेल, तर चाक बोल्टांच्या आधाराने कसेबसे मध्यावर राहते आणि ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागते. आणखी एक बाब फार कमी जण तपासतात. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या मूळ बोल्टांची बैठक गोलाकार असते, तर बाजारातल्या बहुतेक चाकांना शंकूच्या आकाराची बैठक लागते. एकाचा बोल्ट दुसऱ्यात घट्ट झाल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात तो धातूला अगदी थोड्या जागी टेकलेला असतो आणि चालता चालता सैल होतो. चाके बदलताना बोल्टही त्या चाकाचेच घ्यावेत. टायर मडगार्डच्या बाहेर येतील एवढे रुंद चाक तर बसवूच नये. वाहनाच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने मर्यादा घातलेली आहे आणि अपघातानंतर विमा कंपनी नेमके हेच काढते.

बीएमडब्ल्यू ३ सीरिज घेऊ पाहणाऱ्यांसाठी थोडेसे. या गाड्यांपैकी बऱ्याच रनफ्लॅट टायरवर येतात. त्यांची बाजूची भिंत मुद्दाम कडक केलेली असते, जेणेकरून हवा गेल्यावरही काही अंतर कापता यावे. पण त्या कडकपणामुळे खड्ड्याचा आघात रिमपर्यंत अधिक पोहोचतो, आणि म्हणून वाकलेल्या रिम या गाड्यांवर सर्रास आढळतात. साधे टायर बसवले तर गाडी मऊ चालते, मात्र मग सोबत छोटा कॉम्प्रेसर आणि पंक्चरचे सामान ठेवणे भाग आहे.

गाडी घरी आल्यानंतरची निगा हा खरे तर माझ्या सर्वांत आवडीचा विषय आहे. समुद्राकाठच्या शहरात हवेत मीठ असते आणि ते अलॉयच्या लॅकरवरच्या (वरच्या पारदर्शक थरावरच्या) प्रत्येक ओरखड्यातून आत शिरते. डायमंड कट, म्हणजे लेथवर कापून तोंड चकचकीत केलेल्या चाकांवर पांढऱ्या दोऱ्यांसारख्या वाकड्यातिकड्या रेषा पसरलेल्या दिसतात, ते याच क्षरणाचे रूप आहे. वरळी, प्रभादेवी, वर्सोवा भागात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर हे विशेष दिसते. असे तोंड पुन्हा लेथवर कापून घेता येते, परंतु प्रत्येक वेळी थोडा धातू कमी होत असल्याने हे फार वेळा करता येत नाही. बॅलन्सिंग करताना कडेवर ठोकून बसवलेले वजन लॅकर फोडते आणि तिथूनच गंज सुरू होतो. त्यामुळे वजने आतल्या बाजूला चिकटवूनच बसवायला सांगावीत. टायरवाला कुरकुरला तरी आग्रह सोडू नये.

ब्रेक पॅडमधून उडणारी धूळ लोखंडाच्या बारीक, तापलेल्या कणांची असते. ती आठवडेच्या आठवडे राहिली की लॅकरमध्ये रुतते. सोसायटीत रोज गाड्या पुसणारा मुलगा एकाच फडक्याने साऱ्या गाड्या पुसतो, तेव्हा चाके त्याच्या हाती न दिलेलीच बरी. चाकांसाठी वेगळी बादली आणि वेगळा मऊ ब्रश ठेवावा. चाक पूर्ण थंड असताना आधी पाण्याने धूळ उतरवावी, मग सौम्य शॅम्पू, आणि अधूनमधून लोखंडाचे कण विरघळवणारे द्रावण फवारावे. कणांशी क्रिया होताना ते जांभळे होते, ते सुकू न देता लगेच धुवावे. काही वॉशिंग सेंटरांत झटपट चमक आणण्यासाठी आम्ल असलेले क्लीनर वापरतात. त्याने काळेपणा क्षणात जातो आणि थोड्याच महिन्यांत लॅकर मेणचट, डागाळलेले दिसू लागते. चाक आतूनही धुतले जावे, म्हणून टायर फिरवून बसवायच्या वेळी चारही चाके उतरलेली असतात, तेव्हाच ते काम करून घ्यावे आणि त्यावर मेणाचा किंवा सीलंटचा थर द्यावा.

बोल्ट आवळण्याविषयी मी आग्रही आहे. हवेच्या गनने करकचून आवळल्याने बोल्ट ताणले जातात, डिस्क वाकडी बसते आणि वाटेत पंक्चर झाले तर साध्या पान्याने ते सुटत नाहीत. पोलो आणि ऑक्टाव्हिया दोन्हींना १२० न्यूटन मीटर टॉर्क पुरतो. स्वतःचा टॉर्क पाना घ्यावा, टायरवाल्याच्या हाती तो द्यावा आणि साधारण शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा तपासावे. हवेचेही तसेच. गाडी थंड असताना, इंधनाच्या झाकणाच्या आत किंवा दाराच्या चौकटीवर लिहिलेला दाब स्वतःच्या गेजवर पाहून भरावा. नायट्रोजनसाठी पैसे मोजायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पावसाळ्यासाठी कायद्याची १.६ मिलिमीटर खाचेची मर्यादा मला अपुरी वाटते. पूर्व मुक्त मार्गावर साचलेल्या पाण्याच्या पातळ थरावरून ७० च्या वेगाने जाताना तेवढी खाच पाणी बाहेर फेकायला कमी पडते; ३ मिलिमीटर उरली की जूनच्या आधी टायर बदलावेत.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात सांगतो. अशा महागड्या गाड्या अनेकदा कंपनीच्या नावावर असतात. तेव्हा मालकी हस्तांतराच्या फॉर्म २९ आणि ३० वर अधिकृत सहीसोबत कंपनीचे पत्रही पाहावे. कर्ज फिटलेले असेल तर कर्जाचा बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र मागावे. दिल्लीत पेट्रोल गाड्यांना १५ आणि डिझेल गाड्यांना १० वर्षांची मर्यादा घातली गेल्याने तिथल्या गाड्या इकडे स्वस्तात येत राहिल्या, पण महाराष्ट्राचा कर आणि ना हरकत प्रमाणपत्र यांचा हिशेब केल्यावर तो स्वस्तपणा बराचसा विरतो. पुरात बुडालेली गाडी ओळखण्यासाठी सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून मातीची रेघ पाहावी आणि स्टेपनीचा खड्डा तपासावा. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात बुडालेल्या गाड्या आजही बाजारात फिरत असू शकतात.

अखेर भाच्याने चेंबूरमधली एक ऑक्टाव्हिया आरएस निवडली. बाहेरून तिची चाके फूटपाथला घासलेली आहेत, पण आतून चारही रिम गोल आणि मूळच्या आहेत, कुठेही वेल्डिंग नाही, आणि चारही टायर एकाच कंपनीचे आहेत. डीएसजीच्या तेलाच्या पावत्या फाइलमध्ये आहेत. अटल सेतूवर १०० च्या वेगाने चालवून पाहिली तेव्हा स्टिअरिंग स्थिर होते. मागून मात्र किंचित घुमणारा आवाज येत होता, तो डाव्या बेअरिंगचा निघाला. ते बेअरिंग आणि जुने झालेले पुढचे दोन टायर यांची किंमत मालकाने विनातक्रार भावातून कमी केली. या मापाच्या चांगल्या टायरला एकेकी पाच आकडी रक्कम पडते, म्हणून ही वजावट आधीच कागदावर मांडून बोलणी केली होती. हस्तांतराचे अर्ज गेले आहेत. बेअरिंग बसले की मग अलाइनमेंट करायची आहे, आणि घासलेल्या तोंडांना रंग देण्याचे काम मी त्याला पावसाळा संपेपर्यंत पुढे ढकलायला सांगितले आहे.